एअरोमॉडेलिंगवाल्या काकांना, आमच्या टीमकडून

काका, नमस्कार. नाव टाकायचं नाही असं तुम्ही बजावलंय म्हणून टाकत नाही, पण आभार मानू नका असं काही म्हणाला नव्हतात, त्यामुळे आता वाचावं लागणार.

पहिल्यांदा तुमच्याकडे आलो तेव्हा आम्ही आठ जण आणि स्पर्धेच्या मॉडेल विमानाच्या प्लॅनची एक एक्सेल शीट. काय नव्हतं त्यात! विमान स्वतः उडणार, टार्गेट ओळखणार, पार्सल टाकणार, स्वतःच उतरणार. तुम्ही शीट खालून वर वाचायला घेतलीत आणि विचारलंत, पहिलं फ्लाइट कधी? स्पर्धेच्या बारा दिवस आधी. आणि पडलं तर? याला आमच्याकडे कॉलमच नव्हता. मग म्हणालात, "यात गणपती कुठेत रे?" टीममधले तिघं ढोलपथकात, तरी आम्ही ते सगळे दिवस फुल्ल कामाचे धरलेले. सबमिशन, ओरल, दिवाळी, मोटर कुरियरने यायला लागणारा वेळ, कशाचाच पत्ता नाही.

तुम्ही तारखा स्पर्धेपासून मागे मागे लावल्यात. शेवटचा महिना नवीन काही जोडायचं नाही, फक्त उडवायचं. सुरुवातीला फोमचा ट्रेनर, म्हणजे शिकायचं साधं विमान, त्यावर नुसता पिक्सहॉक, म्हणजे ऑटोपायलटचा बोर्ड, आणि मिशन आधी लॅपटॉपवर सिम्युलेशनमध्ये उडवून बघायचं. कॅमेरा सगळ्यात शेवटी. कॅमेरावाला तेव्हा जाम रुसला होता, आता तोच ज्युनियर्सना हे ज्ञान देत फिरतो.

मग वजन. २०२१ च्या ड्रोन नियमांत २ किलोपर्यंतचं ड्रोन मायक्रो गटात, त्यामुळे तेवढ्यात बसवायचं ठरलेलं आणि कागदावर आमचं विमान १ किलो ८५० ग्रॅम, म्हणजे आम्ही खूश. तुम्ही काकूंचा स्वयंपाकघरातला वजनकाटा आणलात आणि एकेक वस्तू ठेवायला लावलीत, वायर, कनेक्टर, वेल्क्रो, सर्व्होचे (पंखाच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरचे) स्क्रू, अगदी वाळलेल्या ग्लूसकट पंखाचा तुकडा. निघालं २ किलो २१०! नुसत्या वायरिंगचेच १९० ग्रॅम आम्ही धरले नव्हते. त्या रात्री थ्रीडी प्रिंटेड फ्यूजलाज, म्हणजे विमानाचा सांगाडा, गेला आणि सनपॅक (प्लास्टिकची पोकळ, हलकी) शीट आली, दिसायला अगदी खोकं, पण वजनात बसलं.

पण खरे आभार त्या सकाळचे. विमानतळापासून लांब, नकाशात ग्रीन झोन बघून शोधलेलं ते माळरान, सहा वाजता वारा पडलेला, आम्हाला उडवायची घाई. रिमोटवर स्टिक हलवली की एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, बरोबर हलत होते. तुम्ही एफबीडब्ल्यूए मोड, म्हणजे ज्यात ऑटोपायलट विमान स्वतः सरळ ठेवतो तो, लावायला सांगितलंत, विमान हातात धरून उजवीकडे झुकवलंत आणि नुसते पंखाकडे बघत राहिलात. उजवा एलेरॉन खाली जायला हवा होता, म्हणजे तो पंख परत उचलला जातो. तो वर गेला. आधी एलेरॉन उलटे हलतायत म्हणून आम्ही रिमोटमध्येच चॅनेल रिव्हर्स करून मोकळे झालो होतो, त्यामुळे हाताने सगळं सुलट आणि ऑटोपायलटचं सगळं उलट. हवेत मोड बदलला असता तर सरळ करायच्या नादात त्यानेच विमान पालथं घातलं असतं. तुम्ही ओरडला नाहीत, फक्त म्हणालात, "चेकलिस्टमध्ये लिहा, आणि आज नाश्ता तुमच्याकडून." अकरा मिसळींचं बिल झालं, अजून आठवतंय.

पार्सलचं गणितही तुम्हीच डबीच्या झाकणावर करून दाखवलंत. ३० मीटर उंची, वेग सेकंदाला १५ मीटर, खाली यायला अडीच सेकंद, म्हणजे साधारण ३७ मीटर आधी सोडायचं, वारा वेगळा. स्पर्धेत आमचं पार्सल गोलाच्या बाहेरच पडलं म्हणा. वारा वेगळा हे ऐकलं होतं, धरलं नव्हतं.

नंबर आला नाही, फोनवर सांगितलंच आहे. पण विमान जसं नेलं तसं परत आणलं, आणि आमच्या शेजारच्या टेबलावर दोन टीम पंख चिकटवत बसल्या होत्या.

काकूंना सांगा, वजनकाटा रविवारी आणून देतो. पुसून ठेवलाय, फक्त एका कोपऱ्यात फेविक्विकचा डाग आहे, तो काही केल्या निघत नाहीये.