नांगराची साखळी मोजा

संपादक महोदय,
आलिशान यॉटच्या कप्तानाचे नेतृत्व पाहुण्यांपुढच्या रुबाबात नव्हे, नांगर टाकताना दिसते. साखळी खोलीच्या किमान पाचपट सोडायची. खोलीत नाळेची, म्हणजे यॉटच्या पुढच्या टोकाची, पाण्यावरची उंचीही धरायची. मुंबई बंदरात मोठ्या उधाणाला पाणी चार मीटर सहज चढते. ओहोटीला 5 मीटर पाणी आणि 2 मीटर नाळ धरून 35 मीटर साखळी सोडली, तर भरतीला 55 लागते. अपुरी साखळी ताणून वर ओढते आणि नांगर उखडतो. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जेमतेम, त्यामुळे तिथे शिकलेले इथे हमखास फसतात. मालक ‘इथेच थांबू’ म्हणाला, तरी वारा फिरला की नकार द्यायचा तो कप्तानानेच. इंजिन मागे चालवून नांगर रुतला का पाहावे, किनाऱ्यावरच्या दोन खुणा टिपाव्यात, रात्री पहारा ठेवावा.

– एक दर्यावर्दी, अलिबाग