ती खुर्ची तुम्ही वळवून ठेवलीत, ताई

ताई,

सप्रेम नमस्कार.

मी घरी लोकांची मुलं सांभाळते, त्याचं ऑफस्टेडचं, म्हणजे इंग्लंडमधल्या शाळा आणि बालसंगोपन तपासणाऱ्या सरकारी संस्थेचं, इन्स्पेक्शन व्यवस्थित पार पडलं. तुम्हाला फोनवर नुसतं 'थँक्यू' म्हणून भागेना, म्हणून हे पत्र.

इन्स्पेक्शनच्या आधी त्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा मुलांचं जेवण चाललं होतं. बूट काढलेत, आणि एक शब्द न बोलता ओट्याकडे तोंड असलेली खुर्ची उचलून मुलांच्या समोर ठेवलीत. मग द्राक्षांची वाटी जवळ ओढलीत आणि एकेक द्राक्ष उभं चिरून त्याच्या चार फोडी केल्यात. एक पालक दारातच उभे होते. त्यांच्यासमोर एका अक्षरानं चूक दाखवली नाहीत. ते गेल्यावर मात्र सगळं नीट समजावलंत.

घास अडकलेलं मूल ओरडत नाही. जोरात खोकतंय तोवर हवा आत-बाहेर जातेय. आवाज बंद झाला की खरा धोका. पाठ करून भांडी विसळणाऱ्याला ते कळणार कसं? २०२५च्या सप्टेंबरपासून इंग्लंडच्या नियमांतही हेच आलं आहे: मुलं खाताना पीडियाट्रिक फर्स्ट एडचं, म्हणजे लहान मुलांच्या प्रथमोपचाराचं, चालू सर्टिफिकेट असलेली व्यक्ती त्याच खोलीत हवी, आणि शक्यतो त्यांच्याकडे तोंड करून बसायला हवं. द्राक्ष आडवं कापलं तर अर्धा भाग गोलच राहतो आणि बुचासारखा बसतो, म्हणून उभंच कापायचं. चेरी टोमॅटोचंही तसंच. गाजर कच्चं तुकड्यांनी नको, किसून किंवा वाफवून द्यायचं. आणि आपल्या घरांतला चिवडा! त्यातले अख्खे शेंगदाणे आणि काजू पाच वर्षांखालच्या मुलांसाठी नाहीतच. हे इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुणीही सांगितलं नव्हतं.

कारण आधी पैसे घेऊन 'इन्स्पेक्शनची तयारी' करून देणाऱ्यांनी हाती दिली ती पॉलिसींची जाडजूड फाइल, वर पाठ करायची उत्तरं. चाइल्डमाइंडरला, म्हणजे माझ्यासारख्या घरी मुलं सांभाळणारीला, पॉलिसी लेखी ठेवायची सक्ती नाही, त्या स्वतःच्या शब्दांत समजावता आल्या पाहिजेत, एवढी साधी गोष्टही त्यांनी सांगितली नाही. जेवणाच्या टेबलाकडे तर त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. राग अजून गेलेला नाही, ताई.

तुम्ही ती फाइल बाजूला सारलीत आणि जे लेखी लागतंच तेवढं समोर ठेवलंत. हजेरीत मूल आलं ती वेळ आणि गेलं ती वेळ, दोन्ही. प्रत्येक औषधासाठी पालकांची लेखी परवानगी, आणि डोस दिला की त्याच दिवशी नोंद करून पालकांना सांगणं. घरात राहणाऱ्या, सोळा वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या प्रत्येकाचं डीबीएस, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी तपासणी. आणि मुलांची गणती: आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा, त्यांत पाचच्या आतली तीन, वर्षाच्या आतलं सहसा एकच. यात स्वतःची मुलंही धरायची. नेमकं इथंच अनेकजणी चुकतात.

मग एकेका मुलाचं नाव घेऊन तुम्ही विचारलंत, "याला आत्ता काय येतं? पुढचं यावं म्हणून तुम्ही काय करताय?" त्या अडीच वर्षांच्या मुलाच्या नोंदीत 'बोलणं मागे' असं लिहिलं होतं. तुम्ही थांबलात. तो घरी मराठीत काय काय बोलतो ते त्याच्या आईला विचारायला लावलंत. 'पाणी दे', 'बाबा आले', 'मला नको' अशी दोन-दोन शब्दांची वाक्यं निघाली. ती नोंदीत गेली आणि 'मागे' हा शब्द खोडला गेला. घरची भाषा खेळात वापरायला मुलाला संधी द्यायची, हे नियमांतच आहे. पण एका मुलावर चुकीचा शिक्का बसू नये म्हणून दुसऱ्याच्या घरात एवढी धडपड करणारं माणूस विरळा. तुमची स्वतःची मुलं घरी वाट पाहत होती, तरी तुम्ही घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाहीत.

इन्स्पेक्टर जेवणाच्या वेळी टेबलाशेजारी बसल्या होत्या. खुर्ची तुम्ही ठेवली होतीत तिथंच होती. अजूनही तिथंच आहे.

रविवारी घरी या. पुरणपोळी करतेय.

तुमची,
पलीकडच्या गल्लीतली चाइल्डमाइंडर