'स्वच्छता राखा' एवढ्याने भागत नाही

संपादक महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीत अंगावरून पांढरं जाण्याबद्दल अर्धं पान लेख आला होता. त्यात 'वैयक्तिक स्वच्छता राखावी' हे तीनदा लिहिलंय, मी मोजलं. त्याच सल्ल्याने माझं एक वर्ष खाल्लं, म्हणून हे पत्र.

माझं वय ५३. सांगलीत घरगुती पोळी-भाजी केंद्र चालवते. पहाटे पाचपासून दुपारी एकपर्यंत शेगडीपुढे उभी. गेल्या वर्षी खाज सुरू झाली. लघवीला गेलं की चरचर, आणि नासलेल्या दुधासारखं पांढरं जायचं. पोळ्या लाटताना मांड्या आवळून ओट्याला रेलून उभी राहायचे. मदतीला येणारी मुलगी विचारायची, "काकू, कंबर भरली का?" मी आपली हो म्हणायचे.

मला वाटलं, घामाची घाण. मग दिवसातून तीनदा गरम पाणी, त्यात जंतुनाशकाचे थेंब, जाहिरातीतला सुवासिक वॉश. आग वाढतच गेली. मेडिकलमध्ये 'सुनेसाठी हवीय' सांगून फ्लुकोनाझोलची, म्हणजे बुरशीवरच्या औषधाची, एक गोळी आणायची. चार दिवसांत बरं, दोन महिन्यांत पुन्हा तेच. वर्षात पाच वेळा. एकदा तिथल्या मुलाने मलम दिलं. दोन दिवस थंड वाटलं, मग पुढे कातडी सोलवटली. त्यात स्टेरॉइड होतं, हे फार उशिरा कळलं.

शेवटी बहिणीने हाताला धरून स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं, कापसाच्या काडीवर स्राव घेऊन लॅबला पाठवला. (तोवर पाच गोळ्या झाल्या होत्या आणि बघितलं कुणीच नव्हतं.) कॅन्डिडा नावाची बुरशी निघाली. मग बाई म्हणाल्या, घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी घेऊन या. मला मधुमेह आहे. खाज सुरू व्हायच्या थोडं आधी नवी गोळी चालू झाली होती, डापाग्लिफ्लोझिन. ती जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकते. रक्ताचे रिपोर्ट छान येत होते म्हणून मी खुशीत होते. साखर जातेय कुठून, हे मनातही आलं नव्हतं. पावाचं ईस्ट म्हणजेही बुरशीच, ते फुलवायला चिमूटभर साखर घालतात, हे मला कुणी शिकवायला नको. बाईंनी सांगितल्यावर लख्ख उलगडलं.

गोळी मी मनाने बंद केली नाही. हृदयाच्या आणि किडनीच्या कितीतरी रुग्णांना ती उपयोगी पडते. माझी मात्र साखरेच्या डॉक्टरांनी बदलून दिली. त्यांच्याकडे खाजेचं मी कधी काढलंच नव्हतं. पुरुष माणूस, कसं सांगायचं? आणि त्यांनीही कधी विचारलं नाही. बुरशीसाठी पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी एकेक गोळी, मग सहा महिने आठवड्याला एक. मी गुरुवार धरला, दत्ताच्या आरतीनंतर. धुवायला फक्त साधं पाणी, आतले कपडे सुती, आणि काम आटोपलं की घामाचे कपडे लगेच बदलायचे. कोर्स संपल्यावर एकदाच, दिवाळीत, खाजेने परत डोकं वर काढलं. त्या वेळी मात्र मेडिकलची पायरी न चढता सरळ बाईंकडे गेले.

पुढच्या लेखात कृपया 'खाज' हा शब्द लिहा. वर्षात तीन-चारदा असं होत असेल तर तपासून घ्या, साखर बघा, चालू गोळ्या डॉक्टरांना दाखवा, हे लिहा. अँटिबायोटिकच्या कोर्सनंतरही हे होतं. माशासारखा वास असलेला पातळ स्राव हा बहुतेकदा वेगळाच आजार असतो, त्याला बुरशीची गोळी चालत नाही. तुमच्या लेखात दोन्हींचा एकच काला केलाय.

पत्राखाली नाव छापू नये ही विनंती. माझ्या हातच्या तीनशे पोळ्या रोज लोकांच्या डब्यात जातात, आणि ते लोक तुमची पुरवणी वाचतात.

– एक वाचक, सांगली