सोरायसिसच्या रुग्णांसाठी तालुक्याला ‘लाईट’ द्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

माझ्या वडिलांच्या सोरायसिसला सोळा वर्षं झाली. आई रोज सकाळी त्यांची चादर अंगणात झटकते, तेव्हा अभ्रकासारखे पांढरे पापुद्रे उडतात. सलूनवाला एकदा म्हणाला, "काका, बाकीची गिऱ्हाईकं कुरकुरतात." तेव्हापासून त्यांचे केस मीच कापते. हा आजार शिवाशिवीने पसरत नाही, हे सांगून सांगून जीभ झिजली. प्रतिकारशक्तीच बिघडते, आणि महिनाभरात बदलायची ती कातडी चार-पाच दिवसांत बदलू लागते, एवढंच.

पहिली वर्षं मेडिकलमधल्या स्टेरॉइडच्या मलमात गेली. लावलं की चट्टा मावळायचा, सोडलं की दुपटीने उसळायचा. पुढे कुणीतरी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. त्या एकाएकी थांबवल्या आणि सगळं अंग लालबुंद होऊन सोलवटलं. अकरा दिवस दाखल ठेवावं लागलं. २०१८ साली केंद्राने अशी कितीतरी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. आमच्या तालुक्यात ती आजही नुसतं नाव सांगितलं की मिळतात.

गुण आला तो लाईटने. ३११ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांच्या पेटीत काही मिनिटं उभं राहायचं, आठवड्यातून दोन-तीनदा, दोन-तीन महिने. नवव्या खेपेला वडिलांची पाठ निवळायला लागली होती. पण पेटी सत्तर किलोमीटरवर. मिनिटांच्या लाईटसाठी अख्खा दिवस आणि दिवसाची मजुरी जायची. पेरणी आली आणि दहावी खेप झालीच नाही. महिन्याभरात चट्टे परत.

आता मेथोट्रेक्सेट चालू आहे. स्वस्त आणि जुनं औषध, पण आठवड्यातून एकदाच घ्यायचं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. आई कालनिर्णयवर दर रविवारी लाल गोल करते. यकृताची आणि रक्तपेशींची तपासणी ठरलेल्या मुदतीने करावी लागते. १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या मोफत झाल्या, त्याचा आम्हाला खरोखर आधार झाला.

अडालिमुमॅब, सेक्युकिनुमॅब अशी इंजेक्शनंही आहेत. अडालिमुमॅब २०१४ पासून भारतात तयार होतं, परदेशीपेक्षा स्वस्तही पडतं, तरी आमच्यासारख्यांच्या हाताबाहेर आहे. ती सरसकट द्या असं मी आज म्हणत नाही. आधी प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात लाईटची पेटी आणि ती चालवायला शिकवलेला माणूस द्या. शेतमजुराला जमेल अशी संध्याकाळची वेळ ठेवा. मेथोट्रेक्सेट आणि सोबतची फॉलिक ॲसिडची गोळी तिथल्याच खिडकीवर मिळू दे. चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड विकणाऱ्या दुकानांची तपासणी व्हावी, यासाठी अन्न व औषध प्रशासनाला आपण लिहावं.

जागतिक आरोग्य परिषदेने २०१४ साली ठराव करून सोरायसिसकडे लक्ष द्यायला सगळ्या सदस्य देशांना सांगितलं आहे. वडिलांच्या हाताची बोटं आता सकाळी आखडतात, कपबशी धरवत नाही. सांध्यांत उतरलेला सोरायसिस वेळेत आवरला नाही तर बोटं कायमची वाकडी होतात, असं डॉक्टर म्हणाले. येत्या पेरणीआधी पेटी आली तर त्यांना घेऊन पहिल्या दिवशी मी रांगेत असेन.

आपली,
एका रुग्णाची मुलगी