वरकस जमिनीबद्दल मिलिंदला पत्र

देवरुख,
14 मे

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. काकांनी वरची वरकस (डोंगरउताराची, भात न होणारी) जमीन काजूसाठी साफ करून घ्यायचे मनावर घेतले आहे, ठेकेदार येऊन लाकडाचा अंदाज करून गेला आहे, आणि यावर माझे मत काय, असे तू विचारतोस. त्याच पत्राच्या शेवटी, "जनावरांची विष्ठा गोळा करून तुला एवढी वर्षे मिळाले तरी काय?" असा टोमणाही मारला आहेस. दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून दोहोंचे उत्तर एकत्रच देतो. पत्र लांबले तर चालवून घे.

ऐन, किंजळ, सावर यांचे बी वाऱ्यावर जाते, त्यांना कोणाची गरज नाही. पण आपल्या रानातली मोठ्या बियांची झाडे, म्हणजे जांभूळ, रानजायफळ, काजरा, बेहडा, ही आपले बी दूर न्यायला प्राण्यांवर अवलंबून आहेत. फळातला गर ही त्या वाहतुकीची मजुरी. बी झाडाखालीच पडले तर काय होते, हे परिसंस्थांचे अभ्यासक डॅनियल जॅन्झेन यांनी 1970 मध्ये आणि जोसेफ कॉनेल यांनी 1971 मध्ये स्वतंत्रपणे मांडले: त्या जातीवर जगणारे किडे आणि बुरशी मूळ झाडाभोवतीच जास्त असतात, त्यामुळे तिथे पडलेले बी आणि उगवलेले रोप बहुधा मरते, जे लांब गेले त्याला जगण्याची संधी असते. बी नुसते उगवून भागत नाही, ते योग्य जागी पोचावे लागते. प्राणी बी कुठे नेतात हे अभ्यासण्याचे माझे सगळे काम या 'पोचण्या'भोवती फिरते.

फळ खाणारा प्रत्येक प्राणी बी पोचवतो असेही नाही. हरियल वडाची फळे पोटभर खातो, पण त्याच्या पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटात, त्या बारीक बिया भरडल्या जातात. शेकरू तर बहुतेक वेळा बीच फोडून खाते. महाराष्ट्राने राज्यपक्षी आणि राज्यप्राणी म्हणून नेमके हे दोघे निवडले, याची आम्हा बियांच्या लोकांना गंमत वाटते. बुलबुल, तांबट आणि कुटुर्गा मात्र बी जसेच्या तसे बाहेर टाकतात. फक्त त्यांच्या चोचीत मावेल एवढेच फळ त्यांना गिळता येते. मोठे बी गिळायला मोठी चोच लागते, आणि तिथे ककणेराशिवाय, म्हणजे कवड्या धनेशाशिवाय, आपल्याकडे फारसा पर्याय नाही. मोठा धनेश, ज्याला आपले लोक गरुड म्हणतात, तोही आहे. पण त्याला जुने दाट रान लागते आणि तो आता मोजक्याच ठिकाणी दिसतो.

ककणेराची मादी उन्हाळ्याच्या तोंडाला ढोलीत शिरते आणि विष्ठा व फळांचा गर यांच्या लिंपणाने दार आतून बंद करून घेते. उरते ती एक उभी फट. नर घशात फळे भरून आणतो आणि एकेक वर काढून त्या फटीतून तिला देतो. आम्ही फांद्यांच्या आडोशाला बसून कोणते फळ आले, केव्हा आले, याची नोंद ठेवतो. पण खरी माहिती मिळते ती ढोलीच्या खाली. आतून बाहेर टाकलेल्या बियांचा तिथे ढीग साचतो. काजऱ्याच्या चपट्या, वाटोळ्या, राखी बिया, अंगावर बारीक रेशमी लव, पाण्यात धुतल्या की चकाकतात. त्यांत स्ट्रिक्नीन हे जहाल विष आहे, म्हणून आपल्याला लहानपणी त्यांना हात लावू देत नसत, पण ककणेर गर पचवतो आणि बी न फोडता टाकून देतो. शेजारी रानजायफळाच्या बिया, त्यांवरची लाल जायपत्री पूर्ण सोललेली. वड-उंबराचे बी इतके बारीक की चाळणीशिवाय हाती लागत नाही. हे सगळे सुकवून, जातवार लावून, काही बी आम्ही रोपवाटिकेत टाकतो: एका वाफ्यात गरासकट, दुसऱ्यात प्राण्याने साफ केलेले. गर तसाच राहिला तर त्यावर बुरशी धरते, कधी गरच अंकुर रोखून धरतो. प्राण्याचा मोठा उपकार पुष्कळदा एवढाच, की तो बी स्वच्छ करून देतो.

मात्र ढोलीखालच्या त्या ढिगातून जंगल उभे राहत नाही. पावसात तिथे रोपांची दाटी होते आणि त्यातली फार थोडी पुढे टिकतात, कारण मूळ झाडाखाली जे संकट असते तेच इथे गर्दीमुळे ओढवते. विणीच्या बाहेरच्या महिन्यांत हेच पक्षी फळांच्या शोधात दूरवर फिरतात आणि वाटेत जिथे बसतात तिथे एकेक बी टाकत जातात. उपयोगी बी ते. म्हणून कोणते झाड त्यांना बसायला सापडते, यावर पुढचे रान कुठे उगवणार हे ठरते.

रात्रपाळीची मंडळी वेगळी. कांडेचोर, म्हणजे उदमांजर, भेरली माडाची फळे खातो, जी आपल्या हाताला नुसती लागली तरी खाज सुटते, आणि विष्ठा टाकतो ती हमखास गडग्यावर (दगडी कुंपणावर) किंवा उघड्या कातळावर. तिथे बियांना माती मिळत नाही. उंदीर किंवा पावसाचा लोंढा त्या हलवेल तर पुढचे. कांडेचोर बी वाहून नेतो खरे, पण पोचवतोच असे म्हणवत नाही. वाघळांचे काम तुला माहीतच आहे: काजूचे बोंड तोडून दुसऱ्या झाडावर न्यायचे, रस चोखायचा आणि बी खाली टाकायची, सकाळी त्या बिया वेचायला पोरे जातात. उंडीचे आणि ओवळीचे बीही तीच पसरवतात. भेकर तर आवळे गिळते आणि रवंथ करताना आठळ्या तोंडातून टाकते. चितळ आणि भेकर यांच्यावर झालेल्या अभ्यासाने हे नीट दाखवून दिले; तोवर लोक त्यांच्या लेंड्यांतच बिया शोधत बसत.

काका म्हणतील, पाखरांनी आणलेले बांडगूळ आमच्या हापूसच्या कलमांना खाते, त्याचे काय? त्यांचे म्हणणे खरे आहे. फुलटोच्या हा इवलासा पक्षी बांडगुळाचे फळ खातो, चिकट बी बाहेर टाकताना फांदीला पुसतो आणि ते तिथेच रुजते. बांडगुळाच्या फांद्या वेळेवर छाटाव्याच लागतात. हत्तींचेही तसेच: सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात 2002 मध्ये कर्नाटकातून हत्ती आले. कोणत्याही पक्ष्याला गिळता येणार नाही एवढे बी हत्ती कोसभर नेतो, पण ज्याची केळ आणि माड एका रात्रीत आडवे झाले त्याच्यापुढे हे पुराण लावायची माझी हिंमत नाही. प्राणी आपल्या सोयीने बी वाहत नाहीत, एवढेच.

आता तुमच्या जमिनीकडे येतो. संशोधक रोहित नानिवडेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अरुणाचलातल्या शिकार आणि तोड झालेल्या जंगलात धनेश कमी झाले की मोठ्या बियांचे काय होते ते पाहिले (2015): बी कमी पोचते आणि खाली उगवणाऱ्या रोपांची जातच बदलते. वरून जंगल हिरवेच दिसते. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याची जमीन अगदी थोडी, बहुतेक रान मालकीचे; म्हणजे ककणेराचे भवितव्य तुझ्या काकांसारख्यांच्या सातबाऱ्यावर आहे. तुमच्या वरच्या अंगाला जो ढोलीचा बेहडा आहे, आणि वहाळाजवळचा (ओढ्याजवळचा) वड, ती दोन झाडे गेली तर देवराईतून निघालेल्या पक्ष्याला मध्ये टेकायला जागा राहत नाही, आणि देवराईचे बी देवराईतच पडते. ठेकेदार बेहड्याला जळाऊ लाकडाचाच भाव देणार. याउलट, सह्याद्रीच्या उत्तर भागात अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने गावकऱ्यांबरोबर बेहड्याची फळे गोळा करून औषधांसाठी विकण्याचे काम फेअरवाइल्ड प्रमाणपत्रासह (रानातला माल रान राखून गोळा केल्याची ती खूण) उभे केले आहे, आणि त्यात धनेशांची जुनी झाडे राखणे आलेच. काकांना पक्ष्यांपेक्षा हा हिशेब लवकर पटेल.

काजू लावूच नका असे मी म्हणत नाही. खालच्या अंगाला, जिथे पूर्वी नाचणी होत असे, तिथे खुशाल लावा. वरचा उतार मात्र सोडा, त्याला वणवा लागू देऊ नका, आणि वृक्षारोपणाच्या नावाखाली तिथे खड्डेही काढू नका. सुरुवातीला करवंद, तोरण, आसाणा, चांदाडा असली बारीक बियांची झाडे बुलबुल आणून टाकतील. त्यांच्याबरोबर घाणेरीही येईल, ती मात्र दरवर्षी हाताने उपटावी लागेल. मोठ्या बियांची झाडे मागाहून येतात, त्याला धीर हवा.

मृगाआधी ठेकेदार पुन्हा येईल असे दिसते. तेव्हा तू त्याआधी काकांशी बोल आणि कोणत्या झाडांना खुणा केल्या आहेत ते कळव. मी पुढच्या आठवड्यात तिकडे येऊ शकतो. काकांची हरकत नसेल तर बेहड्याच्या ढोलीत यंदा वीण झाली का, तेही पाहून घेईन. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विश्वास