युद्धकाळातल्या एका ग्रंथालयपटाविषयी मित्रास पत्र

पुणे

प्रिय माधव,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुझा सारा जन्म ग्रंथालयात गेला, म्हणून हे तुलाच लिहितो आहे. ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ हा 1945 चा, जेमतेम वीस मिनिटांचा लघुपट नुकताच पाहिला. अमेरिकेच्या युद्धमाहिती खात्याने आपल्या राष्ट्रीय ग्रंथालयावर तो काढला आणि त्याला ऑस्करचे नामांकनही मिळाले. सरकारी प्रचारपटच तो. तरी दिग्दर्शक कोण हे कळल्यावर मी तो पुन्हा पहिल्यापासून पाहिला.

हा दिग्दर्शक, अलेक्झांडर हॅमिड, प्रागमध्ये वाढला; त्याचे मूळ आडनाव हाकेनश्मीट. मार्च 1939 मध्ये हिटलरच्या फौजा त्या शहरात शिरल्या आणि नोव्हेंबरात तिथल्या झेक विद्यापीठांना टाळे लागले. तोवर हॅमिड देशाबाहेर पडला होता. असे शहर मागे टाकून आलेल्या माणसाच्या हाती, सामान्य वाचकालाही दार उघडे असलेल्या ग्रंथालयाचे चित्रण यावे, ही गोष्ट काही केल्या माझ्या मनातून जात नाही.

त्या ग्रंथालयाने युद्ध आधीही सोसले होते. 1814 मध्ये इंग्रज सैन्याने वॉशिंग्टन जाळले, त्यात त्याची पुस्तकेही गेली, तेव्हा वृद्ध माजी राष्ट्राध्यक्ष जेफरसनने आपला 6,487 ग्रंथांचा खासगी संग्रह 23,950 डॉलरला देऊन ते पुन्हा उभे केले. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर, डिसेंबर 1941 मध्ये, तिथे जपलेला स्वातंत्र्याचा मूळ जाहीरनामा केंटकीतल्या फोर्ट नॉक्सला, सोन्याच्या साठ्याशेजारी हलवला गेला आणि 1944 मध्ये परत आला. त्या काळात ग्रंथालयाचा कारभार 1944 पर्यंत आर्चिबॉल्ड मॅक्लिश या कवीकडे होता, याचे तुला नक्कीच समाधान वाटेल.

आपला त्या ग्रंथालयाशी संबंध मात्र फार पुढचा, आणि तो गव्हामुळे जुळला. आपल्या लहानपणी रेशनवर जो अमेरिकेचा तांबडा गहू येई, त्याची किंमत पीएल-480 या अमेरिकी अन्नमदत कायद्यानुसार रुपयांत चुकती होई, आणि त्यातल्याच काही रुपयांतून 1962 पासून या ग्रंथालयाचे दिल्ली कार्यालय भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेऊ लागले. मराठी पुस्तके वॉशिंग्टनच्या फडताळांवर पोहोचली ती या वाटेने. त्या गव्हाच्या पोळ्यांना आपण किती नावे ठेवली होती, आठवते ना?

दिवाळीनंतर इकडे येशील तेव्हा हा लघुपट दोघे मिळून पाहू. वहिनींना नमस्कार सांग. कळावे, लोभ असावा.

तुझा,
श्रीकांत