जुना स्पेक्ट्रम थेट प्लगला लावू नका

महोदय,
१९८२ साली आलेला सिंक्लेअर स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक माळ्यावरून काढून लगेच चालू करणे महागात पडते. त्याच्या ९ व्होल्ट अ‍ॅडॅप्टरच्या पिनेत मधला भाग ऋण असतो. बाजारातले बहुतेक नेमके उलटे. मल्टीमीटर लावून तपासूनच जोडा. आतला ७८०५ रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) ५ व्होल्ट देतो, एवढ्यावर समाधान मानू नये. खालच्या १६ के (किलोबाइट) रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, ४११६ चिपांना +१२ आणि –५ व्होल्टही लागतात. –५ गायब झाले की चिपा तापून जातात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (आत द्रव असलेले, वीज साठवणारे भाग) आधी बदला, सोलापूरच्या पत्र्याखाली ते वाळलेलेच निघतात. कीबोर्डची ठिसूळ पट्टी चिकटवत बसू नका, नवीच घाला.
– एक वाचक, सोलापूर